किकला बांधलेलं फडकं

१

पुलापलीकडच्या उतारावर अण्णा रस्त्याच्या कडेला पडले होते, आणि त्यांची मोटरसायकल थोडी पुढे, एका कुशीवर. मागच्या चाकाने रस्त्यावर काळा पट्टा ओढला होता, चांगला लांबलचक. समोर ना ट्रक, ना जनावर, ना खड्डा. धावती गाडी उतारावर आपली आपण थांबली होती, आणि अण्णा काही थांबले नव्हते.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि मोकळे झाले. गाडी उचलून नेली ती अण्णांच्या मिस्त्रीने. त्याने इंजिनाला हात लावला आणि काय झालं ते त्याला कळलं. इंजिन जाम झालं होतं. तेलाची टाकी भरलेली, आणि ते तेल इंजिनात सोडणारी पितळी तोटी घट्ट बंद! कोरड्या इंजिनात पिस्टन चिकटला, त्याने मागचं चाक धरून ठेवलं आणि वरचा माणूस फेकला गेला. मिस्त्रीने हे आपल्या पायांनी जाऊन सगळ्यांना सांगितलं. धूर्त असता तर मूग गिळून बसला असता, कारण तोटी बसवली होती त्यानेच आणि बंदही केली होती त्यानेच.

झालं! सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं.

अण्णांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, तिने हे ऐकलं ते अण्णांच्याच घरी, पाठीला लोड लावून बसलेली असताना. बाईने उभा जन्म पोलीस खात्यात काढला होता. फौजदार म्हणून निवृत्त झाली, पण माणसाकडे बघण्याची तिची तऱ्हा काही निवृत्त झाली नव्हती. धाकटा भाऊ गेला तरी तिच्या डोळ्यांतून अजून पाणी आलं नव्हतं. आधी कळू दे कसा गेला, मग रडेन, असं तिने स्वतःलाच बजावलं होतं.

"उद्या सकाळी मी मिस्त्रीविरुद्ध तक्रार देणार," भाचा म्हणाला. अण्णांचा एकुलता एक मुलगा. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी आत्यासाठी तो बाब्याच होता. "त्याला आत टाकल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

"तो काय म्हणतो ते ऐकलंस का?"

"काय ऐकायचंय? आला होता सांगायला. दार लावून घेतलं मी तोंडावर." तो येरझाऱ्या घालू लागला. "आणि त्या भंगारात असं काय होतं, आत्या? रंग गेलेला, पत्रा पिचलेला, टाकीला गुडघे टेकायची रबरं, तीसुद्धा विजोड! एक काळं कुळकुळीत, एक पांढरं पडलेलं. पण अण्णांना तिच्यापुढे कोणी दिसायचं नाही. लहानपणी मला ताप आला की आई उशाशी, आणि हे शेडमध्ये काळीच्या उशाशी! म्हणून मी त्या शेडचं तोंड बघणं सोडलं. कित्येक वर्षं झाली."

काळी म्हणजे ती मोटरसायकल. काळी टाकी, तिच्यावर बारीक सोनेरी रेघ, आणि एकच भलंमोठं सिलिंडर. अण्णा तरुण होते तेव्हाही ती जुनीच होती.

भाच्याचा राग आक्काला नवा नव्हता. पण रागावलेला माणूस सहसा हात झटकतो, आणि हा मघापासून आपलेच तळवे निरखत होता.

"उद्या दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली. "दुपारी मी स्वतः येईन तुझ्याबरोबर ठाण्यात. आज मला त्या मिस्त्रीला बघू दे."

२

गॅरेजचं शटर अर्धवट खाली होतं. आक्का वाकून आत शिरली. आत भिंतीला टेकून चार-पाच जुन्या मोटरसायकली उभ्या होत्या, रविवारी जमणाऱ्या शौकीन मंडळींच्या. त्यांच्यामध्ये एका स्टुलावर मिस्त्री बसला होता. हातात पाना नाही, पुढ्यात काम नाही. दाढी वाढलेली.

"या आक्का," तो म्हणाला. "तुम्ही याल ते वाटलंच होतं. बेड्या आणल्यात?"

"बेड्या खात्याला परत केल्या. जीभ तेवढी शिल्लक आहे. सांगा, तोटी कशाला लागते त्या गाडीला?"

गाडीचं नाव निघालं आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यात जीव आला. "हे जुन्या गाड्यांचं दुखणं, आक्का. बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल झिरपत झिरपत इंजिनाच्या पोटात उतरतं. मग किक मारली की धुराने गल्ली भरते. पण काय गाडी! आता बटण दाबलं की झालं. काळीला आधी कार्बोरेटरची कळ दाबून, त्याला गुदगुल्या करून पेट्रोल चढवावं लागायचं, मग ठिणगीचा खटका मागे ओढायचा, किकवर हळूच पाय ठेवून दाब शोधायचा. घाई केलीत की किक उलटून पोटरी फोडलीच म्हणून समजा. अण्णांची एकदा फोडली होती. लंगडत लंगडत तिलाच सॉरी म्हणाले!"

"तोटीचं बोला, मिस्त्री."

"हां. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर गाडी उभी राहणार. म्हणून सोमवारी मी घरी गेलो. डावं रबर फाटलं होतं, ते नवं बसवलं, आणि तोटी बंद केली."

"आणि अण्णाला सांगितलं नाहीत?"

"आमच्यात सांगायची पद्धत नाही, फडक्याची पद्धत आहे. तोटी पार खाली असते, वाकल्याशिवाय दिसत नाही. म्हणून जो कोणी बंद करेल, त्याने त्याच हाताने किकला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की आधी तोटी उघडायची, मग किक. रविवारची सगळी मंडळी हे पाळतात."

"आणि फडकं नसलं तर?"

"तर तोटी उघडीच. वाकून कोणी बघत नाही, आक्का. मीसुद्धा नाही."

आक्काने श्वास सोडला. आपल्या सावध भावाचा जीव अशा चिंधीच्या भरवशावर लटकलेला होता, आणि सगळे शहाणेसुरते लोक त्यालाच सावधपणा म्हणत होते!

"मग फडकं बांधलं होतंत?"

मिस्त्रीने दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पहिले दोन दिवस मी छातीठोक सांगत होतो, बांधलं म्हणून. पण मी उतारावर गाडी उचलायला गेलो तेव्हा किकला काही नव्हतं. शेडमध्ये शोधलं, तिथेही नाही. आता डोळे मिटले की कधी बांधलेलं दिसतं, कधी नुसतीच किक दिसते. बाकीची गिऱ्हाईकं गाड्या घेऊन गेली, जाऊ दे. पोलीस न्यायचे तर नेऊ देत. पण माझ्या मित्राला मी मारलं की नाही, एवढं तरी मला कळू दे, आक्का. मला वेड लागायची पाळी आलीय."

बोलता बोलता त्याने खणातून एक वस्तू काढून तिच्या हातात ठेवली. काळं कुळकुळीत रबर, एका बाजूने उचकटलेलं.

"हेच ते नवं. उतारावर झुडपात पडलेलं मिळालं. गाडी आपटली तेव्हा निघालं असणार."

"अपघातानंतर अण्णाच्या मुलाने गाडी पाहिली, तेव्हा हे तिच्यावर होतं?"

"कसं असेल? माझ्या खिशात होतं."

आक्काने ते रबर परत दिलं आणि ती बाहेर पडली. जे मनात आलं होतं ते खोटं निघावं, म्हणून आता तिला दुसरं कोणीतरी गुन्हेगार हवं होतं. असा तपास तिने आयुष्यात कधी केला नव्हता.

३

गुन्हेगार म्हणून शोभेल असा एक माणूस होताही. वकील. काळी मला द्या, म्हणून तो वर्षानुवर्षं अण्णांच्या मागे लागला होता. शेवटी अण्णांनी त्याला घराबाहेर काढलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

आक्का दारात दिसताच वकिलाचा चेहरा उतरला. पण गाडीचा विषय काढला आणि हाही सुटलाच. आक्काने कपाळाला हात लावला. या मंडळींना माणसाबद्दल विचारावं तर हे गाडीबद्दल बोलत सुटायचे.

"मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला ना, तेव्हा कोर्टात माझी उलटतपासणी चालली होती. खिडकीखालून अण्णा गेले. धप्, धप्, धप्. मध्ये दम घेण्याएवढी फट. साक्षीदार बोलायचा थांबला. न्यायाधीश थांबले. मी माझा पुढचा प्रश्न विसरलो, आक्का! हल्लीच्या गाड्या म्हणजे कानाशी डास."

"सोमवारी संध्याकाळी अण्णाच्या शेडपाशी काय करत होतात?"

तिने अंधारात खडा टाकला होता. तो बरोबर लागला. वकील पडला कसलेला, पण त्याचे कान लाल झाले.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या कानांनी. बोला."

"बघायला जायचो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अधूनमधून. शेडच्या खिडकीला गज आहेत, तिथून दिसते ती. हसू नका. या वयात लपूनछपून बघायला जातो, तेही मोटरसायकलला. घरी कळलं तर धिंडवडे निघतील. चांगली ऐटीत उभी होती. किकला लाल फडकं, म्हणजे आता महिनाभर हलत नाही म्हटलं..."

"फडकं होतं?"

"होतं की. ठसठशीत गाठ मारलेलं."

आक्का उठून उभी राहिली. "आणि हे तुम्ही आज सांगताय? तिकडे तो मिस्त्री वेडा व्हायला आलाय, उद्या तुरुंगात जाईल, आणि तुम्ही तुमची अब्रू सांभाळत बसलात? वकील आहात की कोण आहात!"

वकिलाने मान खाली घातली. त्याला खरोखरच लाज वाटत होती, पण आक्काला त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. मिस्त्री सुटला होता. म्हणजे सोमवारी संध्याकाळनंतर आणि मंगळवारी अण्णा निघण्याआधी कोणीतरी कुलूप उघडून शेडमध्ये गेलं होतं. वकिलाच्या हाती खिडकीचे गज, याहून जास्त काही नाही. शेडची एक किल्ली अण्णांच्या खिशात असायची, दुसरी स्वयंपाकघराच्या दारामागे. आणि घराची किल्ली अण्णांखेरीज एकाकडेच होती.

"एक विचारू?" वकील चाचरत म्हणाला. "पंपावरचा माणूस म्हणतो, त्या दिवशी काळी आरशासारखी चमकत होती. खरं का? अण्णा तर पॉलिशची डबी शेडमध्ये येऊ देत नसत. पॉलिशने सोनेरी रेघ जाते. आमच्यातला कोणी असलं पाप करणार नाही."

४

पंपावरचा मिशाळ माणूस अण्णांना चांगला ओळखत होता.

"मंगळवारी संध्याकाळी आले, उजेड होता अजून. मी बघतच राहिलो! मडगार्ड, दिवा, सगळं लखलखीत. पण जवळून बघितलं तर कामात काही राम नव्हता. खाचाखोचांत पांढरी पेस्ट तशीच. टाकीवरची रेघ अर्धी साफ पुसलेली. मी म्हटलं, अण्णा, हे कोणी केलं हो? त्याचा हात मोडायला पाहिजे."

"मग? चिडला असेल."

"छे! हसले. आणि बाई, अण्णांना इतकं हसताना मी नव्हतं पाहिलं. म्हणाले, रेघ काय, परत ओढता येते. पेट्रोल घेतलं आणि पुलाकडे गेले."

"पुलाकडे कशाला, काही म्हणाला?"

"नाही. पण घाईत होते."

आक्का पंपासमोरच्या कट्ट्यावर बसली. पुलापलीकडची वस्ती इथून दिसत होती. तिला आता सगळं दिसत होतं, आणि काहीही बघायची इच्छा नव्हती. एक वाट मोकळी होती. वकिलाची साक्ष पुढे करायची, तक्रार थांबवायची, फडकं कोणी काढलं ते कळलं नाही म्हणायचं. बाब्याला कधी समजलं नसतं. पण मिस्त्रीला सुटका हवी होती ती पोलिसांपासून नाही. वकील पाहून गेल्यावर आपल्याच बांधलेल्या गाठीने दगा दिला असेल, फडकं सुटून कुठेतरी उडालं असेल, असं म्हणत तो उरलेलं आयुष्य त्याच स्टुलावर काढणार. दोघांपैकी एकाच्या छातीवरून धोंडा उचलायचा तर तो दुसऱ्याच्या छातीवर ठेवावा लागणार होता. आणि दुसरा तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा ठाण्यात जायचे कपडे घालून तयार उभा होता.

"बस," आक्का म्हणाली. "मंगळवारी तू इथे आला होतास."

"कोण म्हणतं?"

"तूच म्हणालास. काळीची रबरं विजोड, एक काळं कुळकुळीत. ते काळं रबर मिस्त्रीने सोमवारी बसवलं, आणि मंगळवारी संध्याकाळी ते झुडपात पडलं. मधे एकच दिवस, बाब्या. त्या दिवशी ज्याने गाडी जवळून पाहिली, त्यालाच ते ठाऊक असणार."

तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"सोमवारी अण्णांचा फोन आला होता. डोळ्याच्या तपासण्यांना जायचंय, येशील का. मी म्हटलं, काळीला घेऊन जा, तीच तुमची लेक. फोन ठेवला, पण रात्रभर तळमळलो. मंगळवारी आलो तर ते रिक्षा करून गेलेले. मला माझीच शरम वाटली. काय करू कळेना. शेड उघडली. म्हटलं, हिच्यावर एवढा जीव आहे ना त्यांचा, तर हिलाच नवी करून ठेवू. न सांगता. माझ्या गाडीतली पॉलिशची डबी आणली. दुपारपर्यंत घासत होतो, आत्या. हात सोलवटले."

"कशाने घासलीस?"

"तिथंच किकला लाल फडकं लटकत होतं. त्यानेच. पार काळं झालं, मग जाताना टाकून दिलं."

तो अगदी सहज बोलला. त्याने दार लावून घेतलं नसतं, मिस्त्रीचे चार शब्द ऐकले असते, तर हे वाक्य त्याच्या घशातच अडकलं असतं. आक्काने त्याच्याकडे पाहिलं. अजूनही गप्प बसता येत होतं.

तिने खुर्ची पुढे ओढली आणि त्याचे दोन्ही हात धरले. मग तोटीचं, फडक्याचं, आणि न वाकण्याच्या सवयीचं सगळं सांगितलं. तिने एकही शब्द मऊ केला नाही, कारण मऊ केलेला शब्द तो नंतर एकटा असताना सोलून बघणार, हे तिला माहीत होतं.

भाच्याने हात सोडवून घेतले नाहीत.

"म्हणजे मी."

"हो. तुझ्या हातून. पण जाणूनबुजून नाही. दोन्ही खरं आहे."

"त्यांना कळलं होतं का, कोणी पुसली ते?"

"खाचांत पेस्ट, रेघ पुसलेली. मंडळींपैकी कोणी असलं करणार नाही, आणि घराची किल्ली दुसऱ्या कोणाकडे नाही. मला कळलं, मग त्याला कळणार नाही? पंपावर विचारलं तर हसला. म्हणाला, रेघ परत ओढता येते. आणि पुलाकडे वळला. पुलापलीकडे त्याचं तुझ्याशिवाय कोण आहे?"

आक्काला आता आवरलं नाही. इतके दिवस थोपवून धरलेलं रडू आलं, आणि ती भाच्याच्या हातांवर कपाळ टेकून मोकळेपणी रडली.

काही वेळाने तोच म्हणाला, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुला. वकिलाचं सांगून मी तक्रार थांबवू शकते. बाकीचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. मिस्त्री मात्र मला सोडायचा नाही, रोज विचारेल."

त्याने चेहरा धुतला, शर्ट तोच ठेवला आणि दाराकडे गेला.

"तू येतेस ना?"

६

रविवार होता. गॅरेजपुढे मंडळी जमली होती, पण कोणी मिस्त्रीशी बोलत नव्हतं. वकील एका कोपऱ्यात होता. भाच्याला येताना पाहून सगळे बाजूला सरले. आता शिवीगाळ होणार, असंच त्यांना वाटलं.

भाचा आत जाऊन स्टुलावरच्या मिस्त्रीसमोर उभा राहिला, मागोमाग आक्का.

"तुम्ही फडकं बांधलं होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी काढलं. मला माहीत नव्हतं कशाचं आहे. त्यानेच गाडी पुसली आणि फेकून दिलं."

मिस्त्री स्टुलावरून उठला. "बांधलं होतं?" त्याने विचारलं. "मी बांधलं होतं?"

"बांधलं होतं."

मिस्त्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात खाली आले तेव्हा चेहऱ्यावर राग होता, चांगला लालबुंद राग. "दार लावलंस तू माझ्या तोंडावर! माझी बायको शेजारणींना तोंड दाखवत नाही. मुलगी सासरी रडतेय. चार शब्द ऐकले असतेस माझे, तर त्याच दिवशी..."

"हो," भाचा म्हणाला. "मारा हवं तर."

मिस्त्रीचा हात खरंच वर गेला. आक्का पुढे झाली नाही. तो हात तसाच थांबला, कारण मिस्त्रीला समोरचा चेहरा नीट दिसला. हा चेहरा त्याने इतके दिवस रोज सकाळी आरशात पाहिला होता.

"माफी द्या असं म्हणायला आलो नाही," भाचा म्हणाला. "येतो मी." आणि तो वळला.

"कुठे निघालास?"

"घरी."

"घरी कोण आहे?"

"आज कोणी नाही."

"मग जाऊ नकोस," मिस्त्री म्हणाला. राग अजून आवाजात होताच. "घरी एकटं बसल्यावर काय होतं, ते मला विचार. भिंती बोलतात. इथे बस. काही करू नकोस, बोलू नकोस, नुसता बस."

त्याने आपलं स्टूल पायाने भाच्याकडे सरकवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसला. भाचा उभाच राहिला, मग बसला. वकिलाने दोघांसाठी चहा सांगितला, तेव्हा आक्का बाहेर आली आणि मंडळींना म्हणाली, "चला, आज गॅरेज बंद आहे."